गॅस बंद केला का?

कुलूप लावून दोन जिने उतरावेत, रिक्षाला हात करावा, की हा प्रश्न हजर. नॉब फिरवल्याचं आठवतं; पण ते आजचं की कालचं, काही केल्या सांगता येत नाही. धापा टाकत वर जावं, तर नॉब बंदच. दरवेळी.

एक सकाळ मात्र लख्ख आठवते. दूध तापत ठेवून मी फोनवर बोलत बसले होते. पातेलं काळंठिक्कर, घरभर धूर आणि शेजारच्या काकू दार बडवताहेत. त्यांच्या हातातलं पीठ लागलेलं लाटणंसुद्धा डोळ्यांपुढे आहे. या गोष्टीला बारा वर्षं झाली.

हा पक्षपात रसायनांचा. आपण दचकलो की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात. ते स्वतः मेंदूत फारसं शिरत नाही, पण त्याची वर्दी छाती-पोटापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूवरून वर पोचते. मग मेंदूत त्याचंच भावंड नॉरॲड्रेनलिन पाझरतं, बदामाच्या आकाराचा अमिग्डाला खडबडून जागा होतो आणि शेजारच्या, आठवणी नोंदवणाऱ्या हिप्पोकॅम्पसला बजावतो: हे नीट लिहून घे. रोजच्या नॉबसाठी कोण एवढी धावपळ करणार?

कॅलिफोर्नियात लॅरी काहिल, जेम्स मॅगॉ आणि सहकाऱ्यांनी १९९४मध्ये याचा छान पडताळा घेतला. लोकांना चित्रं दाखवत गोष्ट सांगितली: आई आणि मुलगा निघालेत, वाटेत मुलाला गाडीची धडक बसते. काहींना आधी प्रोप्रानोलोल दिलं होतं. छातीत धडधडतं म्हणून डॉक्टर देतात तीच गोळी. ॲड्रेनलिनची डाळ ती शिजू देत नाही. आठवड्यानं विचारलं, तर औषध नसलेली खोटी गोळी घेतलेल्यांना अपघाताचा भाग ठसठशीत आठवत होता. प्रोप्रानोलोलवाल्यांच्या आठवणीत तो ठसठशीतपणा नव्हता. अपघाताविना सांगितलेली साधी गोष्ट मात्र दोघांनाही सारखीच आठवली.

म्हणजे गॅस बंद केल्याचं पक्कं लक्षात राहायला रोज थोडं घाबरायला हवं. नको रे बाबा.

आईची रीत वेगळी. ती नॉबवर बोट ठेवून मोठ्यांदा म्हणते, "मंगळवार. बंद." आधी मी हसायचे. हल्ली मीही म्हणते.

परवा रिक्षात बसल्यावर आठवलं, "गुरुवार. बंद." निश्चिंत झाले. नाक्यावर रिक्षावाल्याच्या मोबाइलवर नजर गेली. शुक्रवार होता.