दोन शत्रूंनी उघडलेले पाकीट

युद्धकाळात सेन्सॉरच्या हाताखालून गेलेली टपालाची पाकिटे जमवणाऱ्याला पहिला प्रश्न बहुधा तिकिटांविषयी विचारला जातो, आणि उत्तर ऐकून विचारणारा थोडा हिरमुसतो, कारण या पाकिटांवरची तिकिटे बहुतेक वेळा अगदी सामान्य असतात. संग्राहकाची नजर जाते ती पाकिटाची कड कापून पुन्हा चिकटवलेल्या कागदी पट्टीकडे, तिच्यावर अर्धवट उमटलेल्या शिक्क्याकडे, तपासनिसाच्या क्रमांकाकडे, मागच्या बाजूच्या पोहोचशिक्क्याकडे आणि या सर्वांच्या तारखांमध्ये पडलेल्या अंतराकडे. एखादा शिक्का किती दुर्मीळ आहे यावरून पाकिटाची प्रतवारी करण्याची पद्धत रूढ आहे, पण मला ती अपुरी वाटते. पाकिटावरील प्रत्येक खूण कोणत्या क्रमाने, कोणाच्या हातून आणि कशासाठी उमटली हे ज्याच्याबाबत सांगता येते, ते पाकीट माझ्या लेखी श्रेष्ठ, मग त्यावरचे सर्व शिक्के हजारोंनी सापडणारे का असेनात.

या दृष्टीने मी ज्या पाकिटांकडे पुन्हा पुन्हा वळतो ती १९४० आणि १९४१ या वर्षांत जर्मनीतून अमेरिकेस विमानटपालाने गेलेली पाकिटे आहेत. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेली नव्हती, त्यामुळे दोन्ही देशांमधला पत्रव्यवहार चालू होता. पत्र प्रथम जर्मन सैन्याच्या परदेशी टपाल तपासणाऱ्या केंद्रात उघडले जाई आणि बंद करताना त्यावर गरुडचिन्ह व सैन्याच्या सर्वोच्च मुख्यालयाचे नाव छापलेली पट्टी लावली जाई. पट्टीवर मारलेल्या शिक्क्यात त्या केंद्राचे एक अक्षर असे: ए म्हणजे क्योनिग्सबर्ग, बी म्हणजे बर्लिन, सी म्हणजे कोलोन, डी म्हणजे म्युनिक, ई म्हणजे फ्रँकफुर्ट, एफ म्हणजे हँबुर्ग, जी म्हणजे व्हिएन्ना, पुढे फ्रान्सचा पाडाव झाल्यावर पॅरिसच्या केंद्रासाठी एक्स हे अक्षर आले. तेथून पत्र तटस्थ पोर्तुगालमधील लिस्बनला पोहोचे आणि पॅन अमेरिकन कंपनीच्या ‘क्लिपर’ या समुद्रावर उतरणाऱ्या विमानाने अटलांटिक ओलांडू लागे. ही विमाने ब्रिटनच्या ताब्यातील बर्म्युडा बेटावर उतरली की टपालाच्या थैल्या उतरवून घेतल्या जात आणि हॅमिल्टन शहरातील प्रिन्सेस हॉटेलात बसलेले ब्रिटिश तपासनीस तेच पत्र दुसऱ्यांदा उघडत. त्यांची पट्टी साधी असे. तिच्यावर ‘ओपन्ड बाय एक्झामिनर’ हे शब्द, तपासनिसाचा क्रमांक आणि ‘पी. सी. ९०’ हा नमुना क्रमांक एवढाच मजकूर छापलेला असे.

असे पाकीट हाती आले की दोन शत्रुराष्ट्रांच्या पट्ट्या एकाच कागदावर, कधी समोरासमोरच्या कडांना तर कधी एकीवर एक, चिकटलेल्या दिसतात. एकमेकांची शहरे बेचिराख करणाऱ्या या दोन सत्तांनी एका सामान्य माणसाचे घरगुती पत्र आळीपाळीने वाचून, काळजीपूर्वक बंद करून पुढे जाऊ दिले, ही गोष्ट मला आजही थक्क करते. पट्ट्या एकमेकींवर आल्या असतील तर कोणती वर आहे यावरून क्रम ठरतो, आणि कापलेली कड कोणत्या बाजूची आहे हे पाहिले म्हणजे दुसऱ्या तपासनिसाने पहिल्याची पट्टीच कापली की नवी बाजू निवडली हेही कळते. काही पाकिटांवर तिरके, फिकट निळे किंवा तपकिरी रंगाचे ओघळल्यासारखे पट्टे दिसतात. नवखा संग्राहक त्यांना डाग समजून असे पाकीट बाजूला सारतो, परंतु अदृश्य शाईचा मजकूर उमटतो का हे पाहण्यासाठी जर्मन केंद्रांमध्ये कुंचल्याने रसायन फिरवले जाई, त्याच्या या खुणा असतात. पाकीट स्वच्छ असावे हा तिकीटसंग्राहकाचा आग्रह येथे सोडून द्यावा लागतो.

जर्मनी आणि तटस्थ देश यांच्यामधले टपाल ब्रिटनने का उघडावे, या प्रश्नाचे उत्तर आर्थिक युद्धात आहे. लष्करी गुपिते पकडणे हा सेन्सॉरचा एक हेतू होता, पण पत्रांतून जाणारे धनादेश, रोखे, मालाच्या मागण्या आणि परकीय चलन रोखणे हाही तितकाच मोठा हेतू होता. म्हणूनच व्यापारी पत्रव्यवहाराची लांबट, दिसायला नीरस पाकिटे मी आवर्जून जमवतो. ही नाकेबंदी टाळण्याची धडपडही पाकिटांवर उमटलेली आहे. डिसेंबर १९३९ ते डिसेंबर १९४१ या काळात ‘लाटी’ ही इटालियन विमान कंपनी रोमहून दक्षिण अमेरिकेस टपाल नेत असे आणि तिचा मार्ग ब्रिटिश तपासणी केंद्रांना वळसा घालून जाई. पाकिटाच्या कोपऱ्यात पाठवणाऱ्याने स्वतःच्या हाताने ‘व्हाया लाटी’ असे लिहिलेले दिसले, की त्या माणसाने नकाशा समोर ठेवून घेतलेला निर्णय आपल्यासमोर येतो. त्या शेऱ्याशी तिकिटांची एकूण रक्कम जुळते का, हे पाहणे टपाल इतिहासाच्या अभ्यासकाचे पुढचे काम असते, कारण मार्ग बदलला की बहुधा दरही बदलत असे आणि दरपत्रक ठाऊक नसेल तर अर्धे पाकीट वाचलेच जात नाही.

पाकिटावरील एखादी बारीकशी खूण किती बोलकी असू शकते, याचे माझे आवडते उदाहरण अमेरिकेतले आहे. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर डिसेंबर १९४१ मध्ये तेथे बायरन प्राइस यांच्या अधिपत्याखाली सेन्सॉरशिप कार्यालय स्थापन झाले आणि परदेशी टपालावर ‘एक्झॅमिन्ड बाय’ अशी पट्टी दिसू लागली. १९४२ मध्ये ब्युनोस आयर्सच्या एका पत्त्यावर अमेरिकेतील वेगवेगळ्या शहरांतून बाहुल्यांविषयी पत्रे गेली. त्या पत्त्यावरची व्यक्ती न सापडल्यामुळे ती प्रेषकांकडे परत आली, आणि पाकिटावर ज्यांची नावे प्रेषक म्हणून होती त्या स्त्रियांनी आपण असे पत्र कधी लिहिलेच नव्हते असे सांगितले. बाहुल्यांच्या दुरुस्तीच्या वर्णनाआड युद्धनौकांच्या दुरुस्तीची माहिती दडवलेली होती. न्यूयॉर्कमधील बाहुल्यांच्या व्यापारी व्हेल्वली डिकिन्सन यांनी आपल्या ग्राहकांची नावे त्यासाठी वापरली होती. जानेवारी १९४४ मध्ये त्यांना अटक झाली आणि पुढे सेन्सॉरचे नियम मोडल्याचा गुन्हा कबूल केल्यावर दहा वर्षांची शिक्षा झाली. परत पाठवण्याच्या शेऱ्याकडे एरवी आपण अपयशी टपालाची नोंद म्हणून पाहतो, पण येथे त्या परतीनेच सगळे उघडकीस आले.

सैनिकांच्या टपालाची रीत वेगळी होती. तेथे पत्र वाचणारा माणूस अनोळखी तपासनीस नसून बहुधा त्या सैनिकाच्याच तुकडीतला अधिकारी असे. पाकिटाच्या कोपऱ्यात त्याची सही आणि शेजारी ‘पास्ड बाय सेन्सॉर’ हा क्रमांकित शिक्का असे. आपल्या वरिष्ठाने आपले खासगी पत्र वाचावे हा संकोच फार मोठा होता, आणि तो ओळखूनच पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने हिरव्या छपाईचे खास लिफाफे दिले. आत केवळ खासगी व कौटुंबिक मजकूर असल्याची हमी सैनिकाने सही करून द्यायची आणि तुकडीऐवजी मागच्या तळावर त्याची तपासणी होण्याची शक्यता गृहीत धरायची, अशी ती योजना होती. याच्या अगदी उलट टोकाला ‘ए २०४२’ या नमुन्याचे छापील कार्ड होते, ज्यावर ‘मी ठीक आहे’, ‘मला रुग्णालयात दाखल केले आहे’ अशा अर्थाची तयार वाक्ये असत आणि नको ती खोडायची असत. सही व तारखेव्यतिरिक्त एक शब्द जरी जास्त लिहिला तरी कार्ड नष्ट केले जाईल, अशी ताकीद त्यावरच छापलेली असे. या कार्डांना बाजारात फारसा भाव नसतो, पण कोणती वाक्ये खोडली आहेत हे वाचत एखादी चवड पाहून झाली की मला ती कुठल्याही दुर्मीळ शिक्क्यापेक्षा अधिक मोलाची वाटतात.

युद्धकैद्यांचे टपाल १९२९ च्या जिनीव्हा करारानुसार शुल्कमुक्त होते, म्हणून त्या पत्रांवर सहसा तिकीट नसते आणि त्याऐवजी छावणीचा क्रमांक, ‘तपासले’ या अर्थाचा जर्मन शिक्का आणि पोहोचणाऱ्या देशाच्या सेन्सॉरची खूण दिसते. ज्या नागरिकांचे आप्त शत्रुप्रदेशात अडकले होते त्यांना रेड क्रॉसच्या छापील अर्जावर जास्तीत जास्त २५ शब्द लिहिता येत आणि उत्तर त्याच कागदाच्या मागे येई. रेड क्रॉसचे मुख्य ठिकाण असलेल्या जिनीव्हामार्गे जाऊन उत्तरासह परत येईपर्यंत अनेक महिने लोटत, आणि या अर्जांवर दोन्ही बाजूंचे सेन्सॉर व मधले जिनीव्हा अशा तिघांचे शिक्के जमत जात. ब्रिटनमधून अशा आप्तांना थॉमस कुक या प्रवास कंपनीच्या लिस्बन येथील ५०६ क्रमांकाच्या टपालपेटीमार्गे पत्र पाठवण्याचीही सोय होती. पत्रात ब्रिटनमधील आपला पत्ता लिहिण्यास मनाई होती, त्यामुळे वरकरणी ही पाकिटे पोर्तुगालशी झालेला निरुपद्रवी पत्रव्यवहार वाटतात. तो पेटीक्रमांक ओळखता आला तरच ती हाती लागतात.

नाझी छळछावण्यांतील पत्रांविषयी मात्र वेगळे लिहिणे भाग आहे. त्यांच्या छापील कागदावर नियम दिलेले असत: महिन्याला दोन पत्रे, ओळींची मर्यादा, आणि मजकूर जर्मनमध्येच. असे कागद संग्रहात असावेत का, यावर संग्राहकांमध्ये मतभेद आहेत. ज्यांना त्यातील माणसाची फिकीर नाही आणि जे त्यांकडे केवळ भयानकतेचा नमुना म्हणून पाहतात, त्यांच्या हाती ते जाऊ नयेत, आणि शक्य असेल तेथे ते संग्रहालयात किंवा कुटुंबाकडे जावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. या वर्गात बनावट कागदांचा सुळसुळाटही मोठा आहे.

बनावटगिरी इतरत्रही आहेच. साध्या पाकिटावर मागाहून पट्टी चिकटवून ते सेन्सॉर झालेले म्हणून विकणे फार सोपे असते, म्हणून मी प्रथम पट्टीखाली कड खरोखर कापलेली आहे का ते प्रकाशासमोर धरून पाहतो, नंतर शिक्का पट्टी आणि पाकीट या दोन्हींवर मिळून सलग उमटला आहे का ते भिंगाखाली तपासतो, आणि शेवटी अतिनील दिवा लावतो. कागद उजळ दिसावा म्हणून घातली जाणारी द्रव्ये १९५० च्या सुमारास सर्रास वापरात आली. १९४१ ची म्हणवली जाणारी पट्टी त्या दिव्याखाली निळसर पांढरी चकाकली की ती पुढच्या काळातली असल्याचा दाट संशय धरावा. जतनाच्या बाबतीत नियम थोडेच आहेत: पाकिटे आम्लरहित कागद आणि पॉलिस्टर यांच्यामध्ये ठेवावीत, पीव्हीसीचे आवरण टाळावे, आणि खाली काय आहे या कुतूहलापोटीही पट्टी कधी सोलू नये. तिकिटांसाठी पाकीट पाण्यात भिजवणाऱ्यांनी गेल्या शतकात जे नष्ट केले त्याचा हिशोब आता लागणारच नाही.

माझा सर्वांत मोठा आक्षेप मात्र दुसऱ्याच एका सवयीवर आहे. विक्रीच्या सोयीसाठी आतले पत्र काढून टाकून रिकामे पाकीट विकण्याची प्रथा पूर्वीपासून चालत आली आहे. या प्रथेत काय हरवते ते पहिल्या महायुद्धातील भारतीय सैनिकांच्या पत्रांकडे पाहिले की उमगते. १९१४ च्या अखेरीस फ्रान्समधील भारतीय सैन्याच्या टपालासाठी तपासणी कार्यालय उभे राहिले, आणि बुलोन येथून इव्हलिन हॉवेल या सनदी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली पत्रांतील उताऱ्यांची इंग्रजी भाषांतरे करून नियमित अहवाल पाठवले जाऊ लागले. सेन्सॉर वाचतो हे सैनिकांना ठाऊक होते. म्हणून काही जणांनी भारतीय सैनिकांना काळी मिरी आणि गोऱ्यांना लाल मिरची म्हणत, काळी मिरी कशी संपत चालली आहे ते घरी कळवले. हे अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि इतिहासकार त्यांचा कसून उपयोग करतात. पण त्या उताऱ्यांसोबत मूळ कागद नाही, पाकीट नाही, हस्ताक्षर नाही. आणि इकडे संग्राहकांच्या वह्यांमध्ये फील्ड पोस्ट ऑफिसचे, म्हणजे आघाडीवरील सैन्याच्या टपाल कार्यालयाचे, शिक्के मारलेली पाकिटे आहेत, ज्यांच्या आतला मजकूर गेलेला आहे.

म्हणून पत्रासह पाकीट मिळत असेल तर शिक्का थोडा अस्पष्ट असला तरी मी तेच निवडतो. पत्र उलगडून वेगळ्या पारदर्शक आवरणात, पण पाकिटाच्या लगेच मागे ठेवतो, दोन्हींच्या आवरणाच्या कागदावर एकच क्रमांक पेन्सिलीने लिहितो, आणि दोन्ही बाजूंची प्रतिमा एकत्र जतन करतो, म्हणजे पुढे संग्रह विकला किंवा वाटला गेला तरी ती एकाच टपालाची दोन अंगे आहेत हे पुढच्या माणसाला कळेल. सोबतच्या टिपणात शिक्क्यांचा क्रम, तारखा, मार्ग आणि टपालदर असतो. पत्रातला खासगी मजकूर मी त्यात उतरवत नाही, फक्त तपासनिसाने एखादी ओळ काळी केली असेल किंवा कापून काढली असेल तर तिची जागा आणि तिच्या आधीचे व नंतरचे वाक्य तेवढे नोंदवतो.