तुम्ही विचारलंत म्हणून: ती पोरगी शेवटी झोपते की नाही

मुलांसाठी काढलेल्या माझ्या एका चित्रपुस्तकातली पोरगी शेवटी झोपते की नाही? आणि झोपत नसेल, तर तुम्ही तिला झोपवली का नाही? हा प्रश्न मला शाळेत विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, नव्या पेठेत चष्म्याची दांडी बसवून घ्यायला गेलो तर दुकानदारही विचारतो, कारण त्याच्या मुलीकडे ते पुस्तक आहे. आया जरा रागानं विचारतात. शिक्षक ‘आशावादी शेवट’ असा शब्द वापरतात. पुण्याकडचे अभ्यासू लोक उत्तर आधीच ठरवून येतात: खुला शेवट जाणीवपूर्वक ठेवलात ना? मी हो म्हणतो. हो म्हटलं की सुटका होते.

ज्यांनी पुस्तक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या सोलापूरच्या पूर्वभागातली, मागवाल्यांच्या वस्तीतली एक मुलगी. घराच्या पुढच्या खोलीत यंत्रमाग आणि त्याच्या खटखटीत ती जन्मापासून झोपत आलेली. एके दिवशी माग बंद पडतो आणि हिची झोप जाते. मग ती तसला आवाज शोधत गावभर हिंडते. शेजारणीचं शिलाई मशीन, कडक भाकऱ्या थापणारे हात, रुळांवरून जाणारी मालगाडी. एकही जमत नाही. बत्तिसाव्या पानावर माग बंदच आहे, खोलीत अंधार आहे आणि तिचे डोळे उघडे आहेत. पुस्तक संपतं.

आजवर मी याची बरीच उत्तरं देऊन पाहिली. ‘सोलापुरात बंद पडलेलं पुन्हा सुरू झाल्याचं कुणी पाहिलंय का?’ हे माझं आवडतं. १८७७ची जुनी मिल माझ्या जन्माआधीच बंद झालेली, बाकीच्या गिरण्यांचे भोंगे एकेक करून आमच्या डोळ्यांदेखत थांबले, मग मी काय चित्रात चालू करू? टाळ्या पडतात याला. पण हे उत्तर लबाड आहे. माझ्याच दुसऱ्या एका पुस्तकात बोकड सायकल चालवतो, तिथे मला वास्तव आठवलं नव्हतं.

दुसरं उत्तर वडिलांचं. ते गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते आणि गिरणी बंद झाली तेव्हा पन्नाशीच्या आत होते. एवढं सांगितलं की समोरचा मान खाली घालतो, विषय संपतो. म्हणूनच मी ते सांगणं टाळतो. शिवाय त्यात एक अडचण आहे, तिच्याकडे नंतर येतो.

तिसरं म्हणजे, ‘हा मूळचा व्यंगचित्रकार, याला मुलांचं काय कळणार’. हे मी देत नाही, लोक माझ्या वतीनं देतात. यावर मात्र मला भांडायचंय. व्यंगचित्रकार शंकर (के. शंकर पिल्लै) यांनी १९४८ साली दिल्लीत आपलं व्यंगचित्र साप्ताहिक काढलं, नेहरूंना वर्षानुवर्षं त्यात ओढलं, आणि त्याच माणसानं १९५७ मध्ये चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट उभा केला. साप्ताहिक १९७५ मध्ये बंद झालं, ट्रस्टची पुस्तकं निघत राहिली. आपल्याकडे शि. द. फडणीसांनी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत चित्रं काढली, त्यांवर एक अख्खी पिढी बेरीज शिकली. तेव्हा कुणी विचारलं नाही की हास्यचित्रवाल्याला गणितातलं काय कळतं. उलट मी म्हणेन, रोजचं एक कॉलमी पॉकेट कार्टून काढणाऱ्याला जे शिकावं लागतं तेच मुलांच्या पुस्तकाला लागतं: कमी रेषा आणि संध्याकाळी सहाच्या आत संपवायचं.

एक गोष्ट मात्र उलटी शिकावी लागते. पॉकेट कार्टूनमध्ये सगळं शेवटच्या ओळीसाठी असतं. तिशीतला मी ती ओळ सुचल्याशिवाय निब शाईत बुडवत नसे. दिवाळी अंकांचे संपादक फोनवर चित्राचं वर्णन ऐकूनच घेत नसत, ‘ओळ सांगा’ म्हणत. तो तिशीतला मी आज हे पुस्तक वाचेल तर म्हणेल, शेवटचं पान राहिलंय की काय, प्रेसवाल्यानं खाल्लं का? त्याला मी समजावू शकलेलो नाही. बघू.

आता जे झालं ते सांगतो. हे आधी कुठे लिहिलेलं नाही. प्रकाशक हयात आहेत, नाव घेत नाही.

पहिली आवृत्ती निघाली, कौतुक झालं, प्रती मात्र गोदामात. मुलांचं रंगीत पुस्तक म्हणजे चार रंगांचा खर्च आणि तेव्हा किंमत पन्नास-साठ रुपयांवर नेली की पालक खाली ठेवायचे. अशात एका संस्थेनं शाळांच्या वाचनपेट्यांसाठी पाच हजार प्रती घ्यायची तयारी दाखवली. प्रकाशकांचा फोन आला. आवाजावरूनच कळलं की माणूस खुर्चीवर बसलेला नाही. एकच अट होती, शेवट बदलायचा. माग चालू झालेला दाखवा.

मी नाही म्हणालो. हे सोपं होतं. दोन दिवसांनी पुन्हा फोन: मास्तर, पुण्याला या, समोरासमोर बोलू. (मी तेव्हा शाळेत चित्रकला शिकवायचो, ते मला मास्तरच म्हणायचे.) सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून गेलो. त्यांनी चहा मागवला आणि ते पान माझ्यापुढे सरकवलं.

“माग राहू द्या बंद. मी बोललो त्यांच्याशी, माग त्यांना चालतोय. फक्त पोरीला झोपवा.”

“आवाजाशिवाय तिला झोप येत नाही. एकतीस पानं तेच चाललंय.”

“दमून येईल. दिवसभर हिंडलीय ती. पोरं दमली की झोपतात, मास्तर. माझा नातू जेवणाच्या ताटावर झोपतो.”

यावर माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. मग त्यांनी हिशेब सांगितला. डोळे काळ्या शाईत आहेत. म्हणजे काळ्याची एक प्लेट बदलायची, बाकी तीन रंगांच्या प्लेटा तशाच. बत्तीस पानं, छपाईला सोळा-सोळा पानांचे दोन फॉर्मे, त्यातल्या एकाची एक प्लेट. “दोन ठिपके आहेत, त्यांच्या जागी दोन कंस काढायचे. तुम्हाला चहा संपायच्या आत जमेल.”

खरं होतं ते. माझ्या चित्रांत डोळे म्हणजे ठिपके. उघडा डोळा ठिपका, मिटलेला डोळा खाली वळलेला कंस. इतकं स्वस्तात काही मागितलेलं मी त्या धंद्यात पाहिलेलं नाही.

मी म्हणालो, “अंधार, बंद माग आणि डोळे मिटलेली पोर. लोकांना वाटेल गेली.”

“मग ओठांवर जरासं हसू ठेवा.”

“झोपेत हसणारी पोरगी मी साबणाच्या जाहिरातीत काढेन.”

हे वाक्य मला आजही आवडतं आणि त्यासाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही, असं काही नाटकी लिहिणार नाही. बोललो, झालं. ते हसले नाहीत. म्हणाले, विचार करा आणि कळवा, पोरीचं काय ते तुम्ही ठरवणार, पुस्तक तुमचं आहे. त्यांनी त्या पुस्तकासाठी पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं. ते मला माहीत होतं आणि हे त्यांना माहीत होतं. दोघांपैकी कुणीही तो विषय काढला नाही.

संध्याकाळच्या गाडीनं परत. कुर्डुवाडीला वडा खाल्ला. घरी पोचल्यावर सगळे झोपलेले, मी मूळ चित्र काढलं, त्यावर ट्रेसिंग पेपर टाकला आणि ते दोन कंस काढले. काढून बघायलाच नको, असं म्हणणारे लेखक मला आवडत नाहीत.

चित्र चांगलं दिसलं. हे मला सांगायचंय, कारण लोकांना वाटतं की ते वाईट दिसलं असेल आणि म्हणून मी नकार दिला. गेल्यासारखी अजिबात वाटत नव्हती. दमलेली पोर झोपली होती, बस. खरं तर मूळ चित्रापेक्षा बरं, कारण उघड्या डोळ्यांमुळे नजर सारखी तिच्याकडेच जाते, मिटल्यावर मागाकडे जायला लागली, आणि तो माग मी फार मन लावून काढला होता. धोटा, कांड्या, वर जकार्डाची, म्हणजे नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, पत्त्यांची माळ, सगळं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून फोन करून मी नाही सांगितलं.

का? माग चालू दाखवला असता तर ते खोटं होतं, आणि पोरं खोटं पकडतात. चादरवाल्यांच्या घरातलं पोर म्हणेल, हॅट्, असं होत नाही, आणि पुढचं पुस्तक उघडेल. त्यात फार नुकसान नाही. पण माग बंद आणि ती झोपली, हे खोटं नव्हतं. तो सल्ला होता. दमशील, झोपशील, सवय होईल. गिरणीच्या दारावर टाळं लागलं तेव्हा आमच्या घरी येऊन जो तो हेच सांगून गेला होता: मामा, युनियनवाले, शेजारचे निवृत्त हेडमास्तर. सवय होईल. नऊ वर्षांच्या मुलीला माझ्या पुस्तकानं पुन्हा तेच सांगावं, त्यासाठी मला एक प्लेटसुद्धा बदलायची नव्हती.

हे लिहिताना पटतंय मला. आता ती अडचण. वडिलांना सवय झाली. वर्षानुवर्षं आठवड्याआड तिसरी, म्हणजे रात्रीची पाळी केलेला माणूस, गिरणी बंद झाल्यावर रात्री दहाला झोपायला लागला, आणि काय झोपायचा! घोरणं गल्लीच्या तोंडापर्यंत. आई शेजारणींना सांगायची, लग्न झाल्यापासून यांना एवढं झोपलेलं पाहिलं नाही. पुढे त्यांनी एका गोदामावर हिशेब लिहायचं काम धरलं, पगार निम्मा, पण तब्येत सुधारली. माझ्या शेवटच्या पानावर जे आहे ते त्यांच्या बाबतीत खरं नाही. मग ते कुणाच्या बाबतीत खरं आहे? माझ्याच, बहुतेक. मी जागा असायचो. पण मी तेव्हा कॉलेजात होतो आणि कॉलेजातली पोरं कुठल्याही कारणानं जागी असतात.

ऑर्डर गेली. संस्थेनं दुसऱ्या कुणाचं ससे-कासवाचं काहीतरी घेतलं. आमच्या प्रकाशकांनी त्यानंतर मुलांचं एकही पुस्तक काढलं नाही. आता स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शकं काढतात, बरं चाललंय. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. दर दिवाळीला फोन करतात, नवीन काय काढताय विचारतात. त्यांच्या मिसेस मात्र एका लग्नात भेटल्या, अक्षता टाकून झाल्यावर. हसतच म्हणाल्या, “भावजी, तुमच्या त्या पोरीला जरा डोळा लागला असता, तर आमच्या ह्यांनाही लागला असता दोन वर्षं.” मी हसलो. जेवायला थांबलो नाही.

ही झाली एक बाजू. मी बरोबर होतो असं म्हणणारे मित्र आहेत, त्यांच्यातल्या कुणालाही कर्जाचा हप्ता नव्हता.

आणि मग अशोक चौकाच्या पलीकडच्या एका शाळेत पाचवीच्या वर्गात गेलो होतो. निम्म्या पोरांच्या घरी तेलुगू, दोन बाकांवर कन्नड, तक्रार करायची असली की सगळ्यांची मराठी. पुस्तक वाचून दाखवलं, शेवटचं पान उंच धरलं आणि नेहमीच्या प्रश्नाची वाट बघत उभा राहिलो. मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला.

“सर, बंद माग कोण ठेवतंय ओ घरात?”

“म्हणजे?”

“जागा अडतीय की. भंगारात घालतेत. आमचे दोन गेले. किलोवर घेतेत.” मग बाकीची पोरं सुरू झाली, कुणाचे किती गेले, टेम्पो कुठला आला होता, मोटार वेगळी विकतेत, लाकडाचं वेगळं. एकीनं सांगितलं की माग गेल्यावर त्या खोलीत आता तिची आजी विड्या वळते आणि टीव्हीपण तिथंच आहे. झोपेबद्दल कुणी काही विचारलं नाही. त्यांच्या मते मुलगी झोपते की जागते हा मुद्दाच नव्हता. चित्रात माग आहे, हीच चूक होती. ज्या मागाच्या जकार्डावर मी आठवडाभर बसलो होतो, तो तिथे असायलाच नको होता.

मी त्यांना म्हणालो, गोष्टीतला माग बंद पडून एकच दिवस झालाय, अजून टेम्पो आलेला नाही. पोरगा म्हणाला, “मग तसं लिवा की.” बाई त्याच्यावर ओरडल्या. ओरडायला नको होतं.

आता एक नवीन प्रकाशिका ते पुस्तक पुन्हा काढायचं म्हणताहेत. तरुण आहेत, त्यांनी शेवटाबद्दल चकार शब्द काढलेला नाही, उलट तोच आवडलाय म्हणतात. स्कॅन पाठवा म्हणून मागे लागल्यात. मी पाठवलेलं नाही. एकदा वाटतं, माग काढून टाकावा आणि रिकामी खोली ठेवावी, फरशीवर जिथे माग उभा होता तिथे चार बोल्टांची भोकं. मग डोळे? रिकाम्या खोलीत उघडे डोळे फार होतात. मिटलेले ठेवले तर आधीच्या प्रकाशकांना मी त्या दिवशी नाही का म्हणालो? त्यांना दाखवायचं कुठल्या तोंडानं?

तेव्हा ती झोपते की नाही, हे मला विचारू नका. मी अजून त्या पानावर काम करतोय. विचारायचंच असेल तर बोकडाच्या सायकलीबद्दल विचारा, गड्ड्यावर हरवलेल्या चपलेच्या पुस्तकाबद्दल विचारा. त्यात सिद्धेश्वराच्या जत्रेतली गर्दी मी दोन पानांवर आडवी काढली आहे, नंदीध्वजांसकट, आणि त्या सगळ्या पायांमध्ये एकच पाय अनवाणी आहे. तो कुठे आहे हे आजवर एकाही मोठ्या माणसानं शोधलेलं नाही. शेवट गोड आहे त्याचा. चप्पल सापडते.