तुम्ही विचारलंत म्हणून: इंजिनीअर पोरगी कॉन्व्हेंटमध्ये का गेली?

वसईत लग्न असो, मयत असो, बँकेची रांग असो, मला कुणी ना कुणी गाठतंच: "तुझी बहीण इंजिनीअर ना? मग सिस्टर कशाला झाली?" तोंडात अडकलेला पुढचा प्रश्नही मला ऐकू येतो: कुणी फसवलं का तिला?

कुणी फसवलं नाही. का गेली ते तिलाच विचारा. ती "बोलावणं आलं" म्हणते, आणि त्यापुढे माझं काही चालत नाही. कशी गेली ते मात्र मी बघितलंय.

निकाल लागला त्याच आठवड्यात तिने सांगितलं. बाबा केळींना पाणी लावत होते. "मग लोन काढून शिकवलं कशाला?" एवढंच म्हणाले. गंमत बघा, मठातूनही आधी लोनचंच विचारलं! कॅथलिक चर्चच्या १९८३च्या कायद्यात तसं कलमच आहे: फेडता न येणारं कर्ज डोक्यावर असेल तर त्या माणसाला मठात घ्यायचं नाही. मग तीन वर्षं बाईने वसई रोड ते अंधेरी लोकलमध्ये धक्के खात नोकरी केली. शेवटचा हप्ता भरला, बँकेचं 'नो ड्यूज' आणलं आणि फाइलला बाप्तिस्म्याच्या दाखल्यामागे लावलं. मधल्या काळात दोन स्थळं आली. एक मला पसंत होतं.

लोकांना वाटतं, आत गेली की दार बंद. छे! आधी वर्षभर नुसतं राहून बघायचं. मग दोन वर्षं नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीची उमेदवारी. मग दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन ही तीन व्रतं, तीही तात्पुरती. तिला ती दर वर्षी नव्याने घ्यावी लागतात. हे तात्पुरतं फार तर नऊ वर्षं चालतं. पुढे कायमचं व्हा, नाहीतर घरी या. तिच्या तुकडीतल्या सातपैकी तिघी परतल्या. एकीच्या लग्नात मी डुकराच्या मटणाचं इंदेल हाणून आलोय.

आजीच्या काळी आठ-दहा भावंडांत एक फादर, एक सिस्टर निघाली की घराला मान. आम्ही दोघंच. बाबा गेल्यापासून आईला दवाखान्यात मीच नेतो, आणि भर पावसात रिक्षा मिळत नाही तेव्हा मला बहिणीचा राग येतो. बोलावणं वगैरे तेव्हा काही आठवत नाही.

पुढच्या वर्षी तिची अंतिम व्रतं. त्याआधी मृत्युपत्र करावं लागतं, कोर्टात टिकेल असं. ३४ वर्षांच्या मुलीचं मृत्युपत्र! परवा सुटीला आली तेव्हा ओट्यावर बसून यादी केली. वाडीतला वाटा, ज्याचा कारभार पहिल्या व्रतांपासून माझ्याकडेच आहे. आजीच्या दोन बांगड्या. मी विचारलं, "लॅपटॉप?"

"तो माझा नाही, कम्युनिटीचा."

यादी तिथेच संपली. उरलेल्या कोऱ्या पानावर तिने आईच्या गोळ्यांच्या वेळा लिहिल्या आणि फ्रिजला चिकटवून गेली.