जुलैच्या पानावरचा हिशेब

मागच्या पितृपक्षात एका अस्थिरोगतज्ज्ञ सहकाऱ्याने मला त्यांच्या पेशंटचे सोडियम बघायला बोलावले. इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या ७८ वर्षांच्या आजी न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या, खुब्याचे हाड मोडले होते आणि शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. रक्तातले सोडियम १२४ पर्यंत खाली आले होते आणि त्याचे कारण केसपेपरच्या पहिल्याच पानावर होते: रक्तदाबासाठी वर्षानुवर्षे चालू असलेली, लघवीवाटे सोडियम घालवणारी थायाझाइड गटातली गोळी कोणी थांबवलीच नव्हती.

मी खाटेजवळ गेलो तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "माताजी तो एकदम शांत हैं, सर, रात भर सोईं." हे वाक्य ऐकले की मी सावध होतो. आपल्या वॉर्डांत शांत पेशंट म्हणजे चांगला पेशंट असे समजले जाते. डिलिरियम म्हणजे आजारपणात अचानक येणारा मेंदूचा गोंधळ. लोक ज्याला 'वात झाला' म्हणतात, त्या बडबडणाऱ्या, सलाइन उपसणाऱ्या डिलिरियमकडे सगळे धावतात, पण निपचित पडून राहणारा, हाक मारल्यावर डोळे उघडून पुन्हा मिटणारा डिलिरियम वृद्धांमध्ये फार आढळतो आणि तोच सर्वाधिक निसटतो.

डिलिरियममध्ये आधी तुटते ते अवधान, म्हणून मी स्मरणशक्तीची परीक्षा घेत नाही, महिने उलटे म्हणायला सांगतो. जानेवारी-फेब्रुवारी उलटे विचारणे या पिढीतल्या बायकांवर अन्याय करणारे आहे, ज्यांचे सारे वर्ष सणावारांच्या तिथींनी मोजले गेले त्यांना फाल्गुनापासून मागे यायला सांगावे. आजी म्हणाल्या, "फाल्गुन... माघ... पौष..." आणि थांबल्या. नजर सलाइनच्या थेंबांवर गेली. पुन्हा विचारल्यावर त्यांनी मला विचारले, "दूध आलं का?" सूनबाई बाजूला उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी आईंनी मला पित्रांच्या स्वयंपाकाची सगळी यादी सांगितली होती. आई अशा नाहीत." अचानक सुरुवात, तासातासाला बदलणारी अवस्था, तुटलेले अवधान, विस्कळीत बोलणे. अमेरिकी वृद्धरोगतज्ज्ञ शॅरन इनौये यांनी १९९० मध्ये मांडलेल्या निदानपद्धतीतले सगळे मुद्दे समोर होते.

मी थायाझाइड बंद करून सोडियम हळूहळू, २४ तासांत ८ ते १० च्या वर न जाऊ देता, वाढवण्याची सूचना लिहिली आणि घरी गेलो. त्या रात्री आजी उठून बसल्या, लघवीची नळी (कॅथेटर) ओढू लागल्या, "दूध उतू जाईल, सोडा मला" म्हणू लागल्या, आणि रात्रपाळीच्या डॉक्टरांनी फोनवरून प्रोमेथाझिन या गुंगी आणणाऱ्या औषधाचे इंजेक्शन द्यायला सांगितले. मला त्या डॉक्टरांचा राग आला नाही, ज्या सवयीने ते औषध दिले जाते तिचा आला. अवधान टिकवण्यासाठी मेंदूला अ‍ॅसिटिलकोलिन लागते. ते पुढच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशींच्या एका लहानशा पुंजक्यातून मेंदूच्या सगळ्या बाह्यकापर्यंत, म्हणजे बाहेरच्या थरापर्यंत पोहोचते, वयाबरोबर त्याचा साठा तुटपुंजा होतो आणि अल्झायमरमध्ये तो पुंजकाच झिजतो. प्रोमेथाझिन नेमके त्याच रसायनाला अडवते. सकाळी आजी सुनेलाही ओळखत नव्हत्या.

पुढचे सहा दिवस आम्ही जे केले त्यात एकही महागडे औषध नव्हते. कॅथेटर काढला, तीन दिवसांचा मलावरोध सोडवला, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल वेळेवर चालू ठेवले, चष्मा आणि कानाचे यंत्र घरून मागवले, खाट खिडकीशी नेली आणि रात्री दोनला रक्तदाब मोजण्याची पद्धत त्यांच्यापुरती बंद केली. सूनबाईंना भेटीच्या वेळेबाहेर बसू देण्यासाठी मला व्यवस्थापनाशी भांडावे लागले. रुग्णालयात मराठी बोलणारे रात्री कोणी नव्हते, आणि गोंधळलेल्या आजींची हिंदी त्या दिवसांत जवळजवळ नाहीशी झाली होती. १९९९ मध्ये इनौये यांच्याच गटाने ८५२ पेशंटांवर अशाच साध्या उपायांची परीक्षा केली, तेव्हा डिलिरियमचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ वर आले होते. तरीही आपल्याकडे हे उपाय 'नर्सिंगचे काम' म्हणून बाजूला पडतात.

सातव्या दिवशी आजी फाल्गुनापासून चैत्रापर्यंत न अडखळता आल्या. डिस्चार्जच्या वेळी मी सूनबाईंना ठामपणे सांगितले, "ही तात्पुरती अवस्था होती. हा विस्मरणाचा आजार नव्हे." त्या वाक्यासाठीच मी हे लिहितो आहे.

संक्रांतीनंतर त्या पुन्हा आल्या. आजी गॅस चालू ठेवून विसरत होत्या, एकदा रामबागेतल्याच गल्लीत घर सापडेना म्हणून उभ्या राहिल्या होत्या. बी-१२ आणि थायरॉइड ठीक होते, स्कॅनमध्ये मेंदू आक्रसलेला दिसत होता, आणि जानेवारीत निदान डिमेन्शियाचेच, म्हणजे विस्मरणाच्या आजाराचेच करावे लागले. सूनबाईंनी विचारले, "त्या रात्रीमुळे झालं का हे? ऑपरेशन केलं नसतं तर?" शस्त्रक्रियेविना त्या अंथरुणाला खिळल्या असत्या, हे मी लगेच सांगू शकलो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला देता येईना, कारण शस्त्रक्रियेपूर्वीची त्यांची बुद्धी कशी होती याची एकही नोंद आमच्याकडे नव्हती. आम्ही हृदयाचा एको करतो, साखर तपासतो, दातांची कवळी आहे का तेही विचारतो, पण मेंदूसाठी भरती होतानाच्या त्या लांबलचक फॉर्मवर एक ओळ नाही.

विम्याच्या कागदांसाठी भरतीच्या तारखा लागतील म्हणून सूनबाईंनी भिंतीवरचे जुने कॅलेंडर सोबत आणले होते. मी सहज पाने उलटली. प्रत्येक चौकोनात आजींच्या सुबक अक्षरात दुधाचा हिशेब होता, रोज १॥, पाहुणे आले की २. मेपर्यंत महिन्याची बेरीज तळाशी बिनचूक. जूनमध्ये दोन चौकोन रिकामे, एका दिवशी आकडा दोनदा, बेरीज खोडून पुन्हा केलेली. जुलैच्या मध्यापासून अक्षरच वेगळे होते.

"हे कोणाचं?"

"माझं. त्याच म्हणाल्या, चष्म्याचा नंबर वाढलाय, आता तू लिहीत जा."

पडण्याच्या दोन महिने आधी, चष्म्याच्या आडून, त्या आपली झीज घरापासून लपवत होत्या आणि घर ते 'वयाचे' म्हणून स्वीकारत होते.

मेंदूतल्या दाहाचे संशोधक कोलम कनिंगहॅम यांच्या गटाच्या उंदरांवरील प्रयोगांतून याचे जैविक चित्र स्पष्ट होते. मेंदूची संथ झीज चालू असलेल्या उंदरांमध्ये मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या पहारेकरी पेशी, आधीच भडकण्याच्या तयारीत असतात. अशा उंदराला जिवाणूंच्या आवरणातल्या विषारी द्रव्याचा छोटा डोस शरीरात टोचला, तर निरोगी उंदीर सहज सोसतो तेवढ्यावर त्याच्या मेंदूत इंटरल्यूकिन-१ सारखी दाहद्रव्ये भरमसाट निर्माण होतात, तो तात्पुरता गोंधळतो, आणि नंतर त्याची झीज अधिक वेगाने पुढे सरकते. माणसात ती ठिणगी मोडलेल्या हाडातून, शस्त्रक्रियेतून किंवा लघवीच्या जंतुसंसर्गातून येऊ शकते. फिनलंडमधल्या वांटा शहरात ८५ वर्षांवरील ५५३ जणांच्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले, डिलिरियम होऊन गेलेल्यांत नव्या डिमेन्शियाचे शक्यता-गुणोत्तर (डिलिरियम न झालेल्यांशी तुलना करणारा आकडा, १ म्हणजे फरक नाही) ८.७ निघाले. त्यांतल्या मृतांचे मेंदू संशोधकांनी तपासल्यावर मला आजही अस्वस्थ करणारी गोष्ट समोर आली: डिलिरियम न झालेल्यांत अल्झायमरच्या गाठी आणि डिमेन्शिया यांचा नेहमीचा मेळ बसत होता, डिलिरियम झालेल्यांत तो तसा बसत नव्हता. म्हणजे डिलिरियम केवळ दडलेली झीज उघडी पाडत नसावा, त्याची स्वतःची एखादी वेगळी वाटही असावी.

आजींच्या बाबतीत जुलैचे पान सांगते की झीज आधीची होती. पण जूनच्या दोन रिकाम्या चौकोनांपासून गल्लीत हरवण्यापर्यंतचा उतार सात महिन्यांचा आहे, आणि तो इतका तीव्र व्हायला ते सहा दिवस, ते सोडियम आणि ते इंजेक्शन किती कारणीभूत होते, हे मी कोणत्याही तपासणीने वेगळे काढू शकत नाही. सूनबाईंना मी एवढेच सांगितले आणि सप्टेंबरमधले माझे वाक्य चुकीचे होते हेही सांगितले.

मग एका कागदावर मराठीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरात, आजींना टाळायच्या औषधांची नावे लिहिली, प्रोमेथाझिन सर्वांत वर, आणि खाली लिहिले की ताप आला, लघवी अडली किंवा त्या अचानक 'शांत' झाल्या तर त्याच दिवशी आणावे. आजी हे सगळे लक्ष देऊन ऐकत होत्या. सूनबाईंनी कागद जुलैच्या पानात ठेवून कॅलेंडर गुंडाळले.