सँडीगेटचा उतार आणि आमचा सेंटर हाफ

मी फिजिओ आहे. सोमवार ते शुक्रवार नॉटिंगहॅमच्या बाजूला क्लिनिकमध्ये गुडघे, कंबर, खांदे, आणि शनिवारी नॉन-लीग फुटबॉल. आता नॉन-लीग म्हणजे काय हे घरी सांगून सांगून दमले मी, तर थोडक्यात सांगते, प्रीमियर लीगपासून लीग टूपर्यंत मिळून 92 क्लब, त्यांच्या खाली जे काय आहे ते सगळं नॉन-लीग. आणि खाली म्हणजे पार खाली, पायरीखाली पायरी. आमचा क्लब त्यातला बराच खालचा, एका जुन्या कोळसाखाणीच्या गावातला. गोलकीपर पोस्टमन, लेफ्ट बॅक शाळेत पीटीचा मास्तर, आणि ज्याची ही गोष्ट आहे तो सेंटर हाफ (बचावात मधोमध खेळणारा) स्कॅफोल्डर, म्हणजे बिल्डिंगला लोखंडी पाइपांची परांची बांधणारा. या पोरांना पेट्रोलचे पैसे सुटले तरी पुष्कळ.

पण या लेव्हललाही कप असतो बरं का. एफए म्हणजे इंग्लंडची फुटबॉल संघटना, तिच्या एफए कपला नशीब आजमावायला मिळतं, पण आमच्यासारख्यांचा खरा कप म्हणजे एफए व्हाज. 1974 च्या सीझनपासून सुरू आहे, फक्त खालच्या पायऱ्यांवरच्या क्लबांसाठी, आणि फायनल थेट वेम्बलीवर, इंग्लंडच्या राष्ट्रीय स्टेडियमवर! त्यामुळे ऑक्टोबर आला की आमच्या ड्रेसिंग रूममध्ये एकदम सगळ्यांना वेम्बली दिसायला लागतं, लीगमध्ये कितवे का असेनात.

त्या वर्षी ड्रॉ लागला शेफील्डच्या हॅलम क्लबशी, त्यांच्याच ग्राउंडवर, सँडीगेटला. हे नाव वाचून मी खरंच खुर्चीतून उठले. सँडीगेट म्हणजे जगातलं सगळ्यात जुनं फुटबॉल ग्राउंड, गिनेसमध्ये नोंद आहे. 1860 च्या डिसेंबरात, ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, इथे हॅलम आणि शेफील्ड एफसीची मॅच झाली होती. शेफील्ड एफसी म्हणजे 1857 चा, जगातला सगळ्यात जुना क्लब. दोन्ही क्लब अजून आहेत, अजून नॉन-लीगमध्येच खेळतात. भावाला मेसेज टाकला, तो कोल्हापुरात शिवाजी तरुण मंडळाच्या फुटबॉल टीमचा कट्टर, पेठ सोडून त्याला जगात काही दिसत नाही. त्याचा रिप्लाय आला, "1860? आमच्या तालमीपेक्षा जुनं असलं म्हणून काय झालं, पब्लिक किती येतंय ते सांग." आता काय सांगणार. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पीटीएमची, म्हणजे पाटाकडील तालीम मंडळाची, मॅच असली की जेवढी माणसं नुसती भिंतीवर बसतात तेवढीच इथे अख्ख्या ग्राउंडवर येतात.

सकाळी मिनीबसने निघालो, एमवन मोटरवे पकडला, वुडॉल सर्व्हिसेसला चहा आणि सगळ्यांचं सिगारेट-टॉयलेट, मग शेफील्ड. ग्राउंड क्रॉसपूल भागात, उंचावर, वारा असा की बॅगेतला टेप उडून जावा. आणि उतार! पिचला उतार आहे असं ऐकलेलं, पण एवढा असेल असं वाटलं नव्हतं. वॉर्मअपला बॉल ठेवला की तो आपला आपण चालायला लागतो. शेजारीच क्रिकेट, म्हणजे ही जागा मुळात क्रिकेटचीच. शेफील्ड एफसीसुद्धा क्रिकेटवाल्यांनीच काढलेला, थंडीत फिट राहायला काहीतरी पाहिजे म्हणून. मला हे लई आवडलं, फुटबॉलचा उगम म्हणजे क्रिकेटवाल्यांचा टाइमपास.

गेटवर जास्त करून म्हातारी माणसं, काही ग्राउंडहॉपर. हे ग्राउंडहॉपर म्हणजे वेगळीच जमात, नुसती ग्राउंडं बघत हिंडतात, कोण जिंकलं याच्याशी देणंघेणं नाही, वहीत टिक केली की खुश. पाय (सारण भरलेली भाजलेली पेस्ट्री) आणि मशी पीज (शिजवून घोटलेले वाटाणे) मिळतात, त्यावर हेंडरसन्स रेलिश नावाचा सॉस ओतायचा, ते शेफील्डचं दैवत आहे, बाटलीकडे वाकड्या नजरेने बघितलंत तरी मार खाल. मी मॅचआधी खात नाही पण किटमनच्या प्लेटमधलं चाखलं. बरं होतं.

मॅचचं फार सांगत नाही. पहिला गोल त्यांचा, उतारावरून आलेला लांब बॉल, आमचा कीपर मध्येच अडकला. सेकंड हाफमध्ये साठाव्या मिनिटाच्या आसपास आमच्या सेंटर हाफने कॉर्नरवर हेडर मारून 1-1 केलं, सगळा बेंच उड्या मारतोय, गॅफर म्हणजे आमचा मॅनेजर, त्याने तर चक्क मला मिठी मारली.

आणि मग दहाएक मिनिटांनी दुसऱ्या बाजूला त्यांचा कॉर्नर, हा आणि त्यांचा स्ट्रायकर एकाच बॉलसाठी वर गेले. आवाज आला ठक्क. नारळ फोडल्यासारखा. तो आवाज ऐकला की माझे पाय रेफ्रीच्या हाताआधी हलतात, पण हात वर झाल्याशिवाय आत जाता येत नाही, तेवढी एक-दोन सेकंदं अंगावर येतात.

त्यांचा स्ट्रायकर भुवई धरून बसलेला, रक्त, पण शुद्धीत, शिव्या देत होता म्हणजे ठीक. आमचा पालथा. मी बॅग घेऊन चढावर पळत पोचेपर्यंत तो हलायला लागला होता. आधी मान. दुखतेय का, हातापायाला मुंग्या येतायत का, बोटं हलव. सगळं ठीक. दोन मिनिटांनी तो स्वतःच उठून उभा, "फिज, आय अॅम फाइन." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर माझा काडीचा विश्वास नाही. त्याला धरून टचलाइनला आणलं, रेलिंगच्या अगदी जवळ, आणि प्रश्न सुरू केले. हे प्रश्न ठरलेले असतात, मॅडॉक्सचे प्रश्न म्हणतात, कंकशनचा, म्हणजे मार लागून मेंदूला धक्का बसल्याचा, संशय आला की विचारायचे. आपण कुठल्या ग्राउंडवर आहोत? "सँडीगेट." हाफ कितवा? "सेकंड." मागून गॅफर ओरडतोय, "बघ सगळं बरोबर सांगतोय, सोड त्याला!" कारण आमचे सगळे सब, म्हणजे बदली खेळाडू, वापरून झालेले, हा बाहेर गेला की दहा जण.

मग विचारलं, शेवटचा गोल कुणी मारला?

तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "त्यांच्या नंबर नाइनने. आपण एक डाउन आहोत ना?"

मी काही बोलायच्या आत रेलिंगच्या पलीकडून, माझ्यापासून हातभर अंतरावर, हॅलमचा निळापांढरा स्कार्फ घातलेले एक आजोबा, हातात बिअरचा ग्लास, अगदी हळू म्हणाले, "तूच मारलास की रे बाळा, आत्ताच."

गॅफरनेही ऐकलं. तरी म्हणतो, "दहा मिनिटं बसू दे, बघू मग." मी म्हटलं नाही, आज परत आत जाणार नाही तो. संशय आला की बाहेर, हा इथला सरळ नियम आहे, गावच्या मैदानापासून सगळ्या खेळांना लागू. गॅफरने माझ्याशी वाद घालायला तोंड उघडलं तर ते आजोबा त्याला म्हणाले, "त्या पोरीला तिचं काम करू दे." होम टीमचा माणूस, त्याला तर आमचे दहा झालेले पाहिजेच होते असं गॅफर नंतर बसमध्ये म्हणाला. असेलही. पण म्हाताऱ्याचा चेहरा मी बघितला होता, तो मॅचबद्दल बोलत नव्हता. जेफ अॅस्टलचं नाव या पिढीला पाठ आहे, वेस्ट ब्रॉमचा स्ट्रायकर, 2002 मध्ये गेला आणि वर्षानुवर्षं बॉल हेड केल्याने मेंदूवर परिणाम झाला असं चौकशीत निघालं. त्या काळातले चामड्याचे बॉल पावसात भिजून किती जड व्हायचे ते यांनी स्वतः डोक्यावर घेतलेलं असतं.

ड्रेसिंग रूममध्ये त्याला उलटी झाली. मग पुन्हा एक. एक उलटी झाली तर मी लक्ष ठेवते, दोन झाल्या की स्कॅन, तिथे विचार करत बसायचं नाही. बाहेर एकदम मोठा आरडाओरडा झाला, 2-1, कॉर्नरवरच, जो बॉल हा डोळे मिटून बाहेर काढतो तोच. त्याने विचारलं, "आपला?" मी म्हटलं, नाही.

हॅलमच्या एका कमिटीवाल्याने स्वतःची गाडी काढली. मला वाटलं जवळच तर रॉयल हॅलमशर हॉस्पिटल आहे, तो म्हणाला तिथे मोठ्यांची इमर्जन्सी नाही, नॉर्दर्न जनरलला जायला लागेल, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. शनिवारची संध्याकाळ, ट्रॅफिक. मागच्या सीटवर मी त्याच्या शेजारी, प्लास्टिकची पिशवी धरून. मला वाटलं आता हा मॅचचं विचारेल, कपमधून बाहेर गेलो म्हणून चिडेल. तर हा म्हणतो, "सोमवारी जाऊ ना कामाला? चौथ्या मजल्यापर्यंत पोचलोय, अर्धं बांधून झालंय."

तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. ग्राउंडवर चक्कर आली तर गवतावर पडेल. हा सोमवारी पाइप खांद्यावर घेऊन चौथ्या मजल्यावर चढणार होता. आणि नाही गेला तर पैसे नाहीत, रोजंदारीच ती, घरी बायको आणि लहान मुलगी. गॅफरला नाही म्हणणं सोपं होतं हो, यात भांडायला समोर कुणी नव्हतंच. मी फक्त म्हटलं, उंचावर चढायचं नाही, आणि निदान एक दिवस गाडीही चालवायची नाही. तो गप्प बसला. मग विचारतो, "गोल कसा होता?"

स्कॅन क्लिअर आला. रात्री उशिरा त्याचा मेव्हणा येऊन घेऊन गेला, रात्री एकट्याला ठेवू नका हे मी त्याच्या बायकोला फोनवर दोनदा सांगितलं.

गोलचा व्हिडिओ कुणाकडेच नव्हता, आमच्या लेव्हलला कोण काढणार. त्यामुळे क्लबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याला जो तो गोल सांगायला लागला. पहिल्या दिवशी सहा यार्डावरून होता, बुधवारपर्यंत पेनल्टी स्पॉटच्या मागे गेला, आणि कीपर तर म्हणाला की बॉल जाताना शिट्टी वाजत होती.

कामाचं असं झालं की त्याच्या मालकाला मीच फोन केला, त्याच्याच परवानगीने. माणूस बरा निघाला, दोन आठवडे यार्डात बसवून पाइप जोडायच्या क्लिपा आणि कपलर निवडायला दिले, पगार थोडा कमी पण अगदीच शून्य नाही. खेळायचं म्हणाल तर इथल्या गाइडलाइनप्रमाणे लवकरात लवकर 21 व्या दिवशी मॅच, तीही आधीचे चौदा दिवस काहीही त्रास नसेल तर. याचं डोकं दुखायचं चार दिवसांत थांबलं होतं, म्हणजे नियमात बसत होतं. गॅफर तिसऱ्या शनिवारी माझ्यासमोर बोटं मोजत आला, "एकवीस झाले ना? झाले ना?" मी म्हटलं झाले, पण शेवटची वीस मिनिटंच द्या. त्याने सुरुवातीपासून उतरवला, आणि पहिल्याच कॉर्नरला या बाबाने गर्दीत घुसून असा हेडर मारला की माझ्या तोंडून खणखणीत कोल्हापुरी शिवी गेली, आणि अख्ख्या बेंचने वळून बघितलं.