निम्म्या मापाचा राजदंड: गुलाब पुन्हा कोरला

कॅनडाच्या संसदेतल्या राजदंडाची निम्म्या मापाची लाकडी प्रतिकृती करतोय, त्यावरच्या मागच्या नोंदीला दीड महिना झाला. दांडा तयार आहे. कॅनडाच्या हाउस ऑफ कॉमन्सचा, म्हणजे कनिष्ठ सभागृहाचा, राजदंड ५८ इंची, माझा २९. सागाचा दांडा कातारीकाकांनी एका दुपारी लेथवर काढून दिला. खरा कस लागतोय तो राजदंडाच्या डोक्याला, म्हणजे वरच्या कोरीव भागाला. त्यासाठी शिवण लाकडाचा ठोकळा घेतलाय.

हाच राजदंड का, असं काहींनी विचारलं होतं. ३ फेब्रुवारी १९१६ ला ओटावाच्या संसदेला आग लागली आणि जुना राजदंड वितळला. ढिगाऱ्यात सोन्याचांदीचा छोटासा गोळा तेवढा मिळाला. राजदंड टेबलावर नसेल तर सभागृह भरलंय असं धरतच नाहीत. (आपल्या विधानसभेतले आमदार चिडले की राजदंडाकडेच का झेपावतात, ते यावरून कळतं.) मग आधी उसना आणि नंतर लाकडी राजदंड वापरून कामकाज चाललं. १९१७ साली लंडनहून नवा आला, चांदीचा, सोन्याचा मुलामा दिलेला. पण तो लाकडी अजून जपलाय. ३ फेब्रुवारीला बैठक असली की सार्जंट-अ‍ॅट-आर्म्स (राजदंड वाहणारे सभागृहाचे अधिकारी) तोच खांद्यावर घेऊन येतात. हे वाचलं त्याच दिवशी मी लाकूड आणायला गेलो.

डोक्यावर इंग्लंडचा गुलाब, स्कॉटलंडचं थिसल (काटेरी फूल), आयर्लंडचा हार्प (तंतुवाद्य). गुलाब मी कुंडीतला बघून कोरला, पाकळीवर पाकळी. चार संध्याकाळी गेल्या. लांबून पाहिला तर कोबीचा गड्डा! चिन्हशास्त्रातला, म्हणजे राजचिन्हांच्या शास्त्रातला, गुलाब निराळाच असतो: पाच उघड्या पाकळ्या, मधे बियांची टिकली, दोन पाकळ्यांच्या फटीतून डोकावणारं हिरव्या पानाचं टोक. सभागृहाच्या दुसऱ्या टोकावरूनही ओळखू यावा असा. सगळा तासून पुन्हा केला. अर्धगोल पटाशीने एका बैठकीत झाला.

थिसल सोपं गेलं. माळावरची उंटकटारी त्याच कुळातली, काटे कसे वळतात ते हाताला माहीत होतं.

हार्पच्या तारा मात्र तीनदा तुटल्या, लाकडाचे तंतू तिथे आडवे येतात. शेवटी चिन्हशास्त्रच कामी आलं. आयर्लंडच्या चिन्हात हार्प सोनेरी, तारा रुपेरी. म्हणून खाचा पाडून चांदीची बारीक तार बसवली. मूळ राजदंड सगळाच सोनेरी आहे, तरी हा बदल मी ठेवणार.

आता मुकुट. त्याच्या कमानी वाकवायच्या की अखंड कोरायच्या, यावर अनुभवींनी जरूर सांगावं.