काकांच्या मॅटाडोरमधली साडेआठ फुटांची खोली

निफाडजवळच्या आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काकांची मॅटाडोर आठ वर्षे उभी होती. काकांच्या वर्षश्राद्धानंतर काकूंनी तिची किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि "विकायची असली तर वीक, पण भंगारात घालू नकोस गं," एवढेच सांगितले. मी नाशिकमध्ये फर्निचर बनवण्याचा व्यवसाय करते. लाकूड ओळखते, मापे घेते, कारागिरांबरोबर काम करते; पण चालत्या गाडीच्या पाठीवरची खोली मी कधी बांधली नव्हती. मार्चमध्ये हाती घेतलेले हे काम आता पावसाळ्यात संपत आले आहे. त्यात मला जे कळले ते सविस्तर लिहून ठेवावे, असे वाटते.

गाडी १९८६ची. मागे उघडा हौदा असलेली मॅटाडोर काकांनी घेतली आणि पुढच्या वर्षी जुन्या नाशिकातल्या एका सुताराकडून त्या हौद्यावर सागवानी सांगाड्याचा, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा मारलेला खोका बांधून घेतला. आतून लांबी साडेआठ फूट, रुंदी साडेपाच फूट आणि उंची मधोमध पाच फूट दहा इंच. राहण्याची सोय असलेल्या अशा गाडीला कॅम्पर म्हणतात, पण नाशिकमध्ये कॅम्पर म्हटले की काही जणांना महिंद्राची बोलेरो आठवते आणि काहींना थंड पाण्याचा जार, त्यामुळे घरी आम्ही तिला नेहमी 'काकांची खोली' असेच म्हणत आलो. काकांना पक्ष्यांचे वेड होते. नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्याला २०२० साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आणि महाराष्ट्रातले ते पहिले रामसर स्थळ ठरले. पण त्याच्या कितीतरी आधीपासून गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या त्या पाण्यावर पहाटे हजर राहता यावे, एवढ्यासाठी काका हिवाळ्यातले शनिवार-रविवार या खोलीत काढत असत.

मॅटाडोरची एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. बजाज टेम्पोने जर्मन टेम्पो कंपनीच्या गाडीवरून ही गाडी १९६९पासून भारतात बनवायला सुरुवात केली. याच कंपनीचे नाव २००५ साली फोर्स मोटर्स झाले. आपल्याकडच्या बहुतेक मालवाहू गाड्यांना इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर मिळतो. मॅटाडोर मात्र पुढच्या चाकांनी ओढली जाते. मागच्या चाकांकडे जाणारा दांडा नसल्यामुळे तिच्या हौद्याची जमीन खाली ठेवता आली, आणि म्हणूनच काकांना खोलीत चढायला एकच पायरी पुरत असे.

खोली उघडली तेव्हा कुबट वास आला. आतल्या भिंतींना तीन मिलिमीटरचे प्लाय होते, त्याला खालच्या बाजूने पोपडे सुटले होते आणि पुढच्या डाव्या कोपऱ्यात हात लावताच ते बिस्किटासारखे मोडले. माझी पहिली इच्छा सारे आतले सामान उखडून नवे करण्याची होती. माझ्याबरोबर काम करणारे मिस्त्री सत्तरीचे आहेत. त्यांनी मला थांबवले. "ताई, आधी पाणी कुठून येतं ते बघा, मग लाकडाचं बघू," ते म्हणाले. त्यांचे म्हणणे बरोबर होते. ओल दिसते तिथेच पाणी शिरलेले असते, असे नाही. छताच्या पुढच्या सांध्यातून शिरलेले पाणी पत्रा आणि प्लाय यांच्यामधून आडव्या पट्टीवरून वाहत जाऊन चार फूट दूर खिडकीखाली उतरत होते. आम्ही एकाने आत टॉर्च घेऊन बसायचे आणि दुसऱ्याने बाहेरून नळीने एका वेळी एकाच सांध्यावर दहा मिनिटे पाणी सोडायचे, तेही खालून वर जात, अशी तपासणी केली. सगळीकडे एकदम पाणी मारले असते तर दोष कुठला ते कधीच कळले नसते. सहा गळक्या जागा सापडल्या, त्यांपैकी चार छतावर होत्या.

पत्र्यावरच्या प्रत्येक स्क्रूभोवती पांढरी पूड जमली होती. पत्रा ॲल्युमिनियमचा आणि स्क्रू लोखंडी होते. दोन वेगळे धातू ओलीत एकमेकांना टेकले की त्यांच्यात बारीक विद्युतप्रवाह सुरू होतो आणि ॲल्युमिनियम झिजत जाते. भोके मोठी होतात, पाणी शिरते, पाण्यामुळे झीज वाढते. म्हणून सगळे जुने स्क्रू काढून आम्ही स्टेनलेस स्टीलचे स्क्रू नायलॉनच्या चकत्यांसह बसवले आणि सांध्यांखाली ब्युटिल या रबराची चिकट पट्टी घातली. सिलिकॉन मी मुद्दाम टाळले. ते सुरुवातीला छान दिसते, पण गाडीचा सांगाडा हलत राहतो, सिलिकॉनची कड सुटते आणि त्या जागेवर नंतर दुसरे काहीच नीट चिकटत नाही. ब्युटिल कडक होत नाही, हलणाऱ्या सांध्याबरोबर ते ताणले जाते.

प्लाय उतरवल्यावर सांगाडा दिसला आणि त्याच्यावर पेन्सिलीने लिहिलेली मापे. '३ फूट ४ इंच २ सूत' (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), त्याखाली एक बाण, आणि एका खांबावर 'पाणी इकडे'. १९८७ सालच्या त्या सुताराचे अक्षर ठसठशीत होते. सागाच्या सांगाड्याचे बारा खांब, त्यांपैकी नऊ शाबूत. सागात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे बाजूचे प्लाय कुजूनही त्याला वाळवी लागली नव्हती. उरलेल्या तीन खांबांचा कुजलेला भाग कापून, तिरका लांब सांधा घेऊन, जुन्याच वाड्याच्या मोडलेल्या तुळईतून निघालेला साग तिथे जोडला. मार्च ते मे सांगाडा उघडाच वाळू दिला. ओलावा मोजण्याचे यंत्र १२ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत मी एकही फळी लावली नाही, आणि त्या घाई न करण्याबद्दल मला आज सर्वांत जास्त समाधान वाटते.

भिंतींत पूर्वी काचतंतूंचा कापूस भरलेला होता. तो पाणी पिऊन खाली बसला होता. त्याऐवजी पाणी न शोषणारे २५ मिलिमीटरचे फोमचे तक्ते घातले. मे महिन्यात नाशिकचा पत्रा हात लावू देत नाही आणि जानेवारीत निफाडची थंडी सगळ्या जिल्ह्याच्या वर असते, तेव्हा हा खर्च दोन्ही बाजूंनी वसूल होणारा होता. जमिनीला आयएस ७१० दर्जाचे, म्हणजे पाण्यात टिकणारे, मरीन प्लाय वापरले. बारा मिलिमीटरची आठ बाय चारची एक शीट सुमारे तेवीस किलो भरते, हे दुकानात लक्षात येत नाही. पाच शीटांचा हिशेब झाला तेव्हा मी प्रत्येक फळीचे वजन वहीत लिहायला लागले.

आता मी जिथे चुकले त्या भागाकडे येते. काकांच्या रचनेत पाण्याची टाकी, स्टोव्ह आणि भांड्यांची पेटी अशी सगळी जड सामग्री चालकाच्या कॅबिनला लागून पुढच्या भिंतीशी होती, आणि मागे दोन बाजूंना बाके. रात्री बाकांच्या मध्ये फळी टाकली की झोपायची जागा. मला ही मांडणी अंधारी आणि जुनाट वाटली. मी स्वयंपाकाचा ओटा मागच्या दाराशी नेला, म्हणजे दार उघडले की मोकळ्या हवेत चहा करता येईल. त्याच्याखाली साठ लिटरची टाकी, बॅटरी आणि पाच किलोचा छोटा सिलिंडर. पुढे कायमचा पलंग. कागदावर ही रचना फार सुंदर दिसत होती आणि मी ती प्लायमध्ये उभीही केली.

जूनच्या पहिल्या पावसात आम्ही गाडी वणीकडे नेली. नांदुरीहून सप्तशृंगी गडाच्या घाटात एका ओल्या वळणावर, चढाला, पुढची चाके जागेवर फिरली आणि गाडी किंचित मागे आली. मिस्त्रींनी उतरून मागच्या चाकाशी दगड लावला. कोणाला काही झाले नाही; पण त्या क्षणी 'पाणी इकडे' या दोन शब्दांचा अर्थ मला कळला: पाण्याची टाकी पुढेच हवी होती. पुढची चाके ओढतात, म्हणजे वजन त्यांच्यावर हवे. चढावर भार आपोआप मागे सरकतोच, आणि मी मागच्या चाकांच्याही मागे दीडशे किलोंच्या आसपास सामान लटकवले होते, म्हणजे तरफेच्या नियमाने पुढची चाके उचलायलाच मदत केली होती.

परतताना पिंपळगाव बसवंतच्या एका वजनकाट्यावर गाडी आधी पूर्ण आणि मग फक्त पुढची चाके काट्यावर ठेवून तोलली. एकूण २,३६० किलो आणि पुढच्या चाकांवर त्यातले केवळ ९८०. मी ओटा मोडला. टाकी, सिलिंडर आणि भांडी पुन्हा कॅबिनला लागून पुढे आणली आणि शिशाच्या अठ्ठावीस किलोंच्या बॅटरीऐवजी लिथियम आयर्न फॉस्फेटची तेवढ्याच क्षमतेची, सुमारे बारा किलोंची बॅटरी घेतली. पुन्हा तोलले तेव्हा एकूण २,३३० आणि पुढे १,०९०. त्याच घाटात, त्याहून जास्त पावसात, गाडी शांतपणे चढली.

अंधाराचा प्रश्न मात्र खरा होता, आणि तो मी नव्याने सोडवला. छतात एक उघडणारे झडप बसवले, आतून गडद सनमायकाऐवजी फिकट रंगाचे पातळ प्लाय लावून त्याला तेलपॉलिश केले आणि पुढच्या ओट्यावर एक अरुंद खिडकी काढली. वरच्या बाजूला कपाटे करायची नाहीत हे ठरवून टाकले. उंचावरचे वजन वळणावर गाडीला झुकवते, म्हणून तिथे फक्त मालेगावच्या सुती कापडाच्या शिवलेल्या झोळ्या आहेत.

काकांच्या खोलीतले दोन तपशील मी जसेच्या तसे ठेवले. एक म्हणजे बाकावर बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत येणारी, आठ इंच उंच आणि तीन फूट लांब अशी सरकत्या झापेची फट. त्यातून दुर्बीण बाहेर काढता येते आणि पाण्यावरच्या चित्रबलाकांना माणूस दिसत नाही. दुसरा म्हणजे खण. त्यांना ना कडी, ना चुंबक. खणाच्या तळाला पुढे एक खाच आहे, ती चौकटीच्या पट्टीवर बसते. खण आधी किंचित उचलायचा आणि मग ओढायचा. खड्ड्यात गाडी कितीही आदळली तरी खण उघडत नाही. बाजारातले चुंबकी खटके मी आधी आणून ठेवले होते, ते परत केले, आणि नव्या चारही खणांना मिस्त्रींनी त्याच मापाची खाच घेतली.

काका वातीचा स्टोव्ह वापरत. त्याच्या काजळीचा गोल डाग छतावर होता. गॅस आणताना नियम बदलतात. आपला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीशी साचतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा खोलीपासून पूर्ण बंद करून त्याच्या तळाला बाहेरच्या बाजूस उघडणारी जाळी ठेवली, आणि दार बंद करून शेगडी पेटवायची नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवले आहे. विजेचे काम एका अनुभवी वायरमनने केले. बॅटरीपासून निघणाऱ्या तारेवर अगदी सुरुवातीलाच फ्यूज हवा, एवढा आग्रह माझा होता. गाडीची बाहेरची मापे, आसने आणि इंजिन यांना हात लावलेला नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ अशा फेरफारांबाबत कडक आहे आणि खोक्याची नोंद काकांनी त्या वेळीच करून घेतलेली होती.

भांडी धुण्याच्या कुंडीसाठी स्टीलचे तयार बेसिन कुठेही मिळाले असते. पण नाशिकला तांब्यापितळेच्या भांड्यांची परंपरा आहे आणि जुन्या नाशिकात अजून ठोक्याचे काम करणारी माणसे आहेत. एका तांबटाकडून चौदा इंचांची, कडेला गोल वळवलेली तांब्याची कुंडी करून घेतली. तिला आतून कल्हई आहे. अर्धा इंच इकडेतिकडे न होता ती ओट्यात बसली, कारण त्यांनी माप घ्यायला स्वतः गाडीत येण्याचा आग्रह धरला. एवढ्या लहान जागेत हातांनी घडवलेली एक तरी वस्तू रोज डोळ्यांसमोर असावी, असे मला मनापासून वाटते.

बाकांची उंची काकूंना गुडघ्यांचा त्रास होतो म्हणून पंधरा इंचांवरून साडेसतरा केली. गाद्या खाली काथ्या आणि वर फोम अशा आहेत. नुसत्या फोममध्ये रात्री अंग उकडते.

गेल्या रविवारी गाडी इगतपुरीला नेऊन मुसळधार पावसात पूर्ण रात्र उभी केली आणि सकाळी सगळे कोपरे कोरड्या कागदाने टिपून पाहिले. काकू बरोबर होत्या. त्यांनी नेहमीच्या सवयीने खण उचलून ओढला आणि चहाची पूड बाहेर काढली. एकच कागद ओला निघाला: छताच्या नव्या झडपेच्या मागच्या कडेचा, जिथे रबराची पट्टी दोन तुकड्यांत जोडली आहे. अखंड पट्टी मागवली आहे. ती शनिवारी आली की मिस्त्री आणि मी छतावर चढणार आहोत.